आवाज कुणाचा, पाय कुणाचे: 'सिंगिंग इन द रेन' कुणी घडवला?

1952 सालच्या 'सिंगिंग इन द रेन'मध्ये एक प्रसंग आहे. लीना लॅमाँट ही मूकपटांची लाडकी नायिका. दिसायला अप्सरा, आवाज मात्र फाटक्या पत्र्यासारखा. बोलपट येतो आणि स्टुडिओची पाचावर धारण बसते. मग कॅथी सेल्डन ही नवखी मुलगी मायक्रोफोनपुढे उभी राहते आणि पडद्यावरच्या लीनाच्या ओठांवर आपला आवाज बसवते. लीनाच्या तोंडून अचानक मऊ, घरंदाज इंग्रजी ऐकू येतं.

आपण धरून चालतो की हा आवाज कॅथीचं काम करणाऱ्या डेबी रेनॉल्ड्सचा. तो तिचा नाही. तो जीन हेगनचा आहे, म्हणजे लीनाचं काम करणाऱ्या नटीचाच. कर्कश आवाज हा हेगनचा अभिनय होता, तिचा खरा आवाज हा असा होता. कथेत रेनॉल्ड्स हेगनला आवाज देते, प्रत्यक्षात हेगनने रेनॉल्ड्सला दिला. त्याच भागातलं 'वुड यू' हे गाणं तर दोघींपैकी कुणीच गायलेलं नाही. ते बेटी नॉइसने गायलं. 1941च्या 'डंबो'मधली 'बेबी माइन' ही अंगाई गाणारीही तीच. दोन्ही सिनेमांच्या श्रेयनामावलीत तिचं नाव नाही.

म्हणून हा सिनेमा कुणी केला याचं उत्तर सुरुवातीच्या पाट्यांवर पुरतं मिळत नाही. काही नावं तिथे आहेत ती हुद्द्यामुळे, काही नावं असायला हवी होती ती नाहीत. काम नेमकं कसं वाटलेलं होतं, ते एकेक करून पाहू.

आधी गाणं, मग चित्रण

हा सिनेमा काढणाऱ्या एमजीएम या हॉलिवुड स्टुडिओच्या संगीतपटात गाणं चित्रीकरणाच्या आधी तयार होई. क्रम साधारण असा: आधी पियानोवर तालीम. त्यात पट्टी ठरते, लय ठरते, नाचासाठी किती मात्रा मोकळ्या ठेवायच्या ते ठरतं. मग वाद्यमेळाची मांडणी लिहिली जाते. मग स्टुडिओच्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण. ते गाणं तबकडीवर उतरवून सेटवर आणतात, मोठ्या कर्ण्यातून वाजवतात आणि नट त्याबरहुकूम ओठ हलवतो, नाचतो. शेवटी पावलांचे आवाज वेगळे मुद्रित होतात आणि सगळे थर एकत्र मिसळले जातात.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली ओठांची. सेकंदाला 24 चौकटी धावतात, त्यात आवाज दोन-तीन चौकटी मागेपुढे झाला तरी प्रेक्षकाला खटकतं, का खटकतंय ते मात्र त्याला सांगता येत नाही. दुसरी गळ्याची. नट नुसते ओठ हलवू लागला तर मानेच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरत नाही, गाणं खोटं दिसतं. उपाय साधा आहे: सेटवरही त्याने मोठ्याने गायचं. तो आवाज कुठेच वापरला जात नाही, पण शरीर खरं वागतं.

टॅप नाचाचे आवाज सेटवर घेता येत नाहीत, कारण तिथे कर्ण्यातून गाणं वाजत असतं आणि मायक्रोफोनमध्ये सगळा कालवा होतो. म्हणून नंतर कुणीतरी पडद्याकडे बघत लाकडी फळीवर तेच पदन्यास पुन्हा करतं. बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या असतात, त्यांचा खणखणीत आवाज या दुसऱ्या खेपेचा.

या पद्धतीचा उगम एमजीएममध्येच मानतात. 1929च्या 'द ब्रॉडवे मेलडी'मधलं एक समूहनृत्य मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा चित्रित करायचं ठरलं. ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शीअरर यांनी सुचवलं की वाद्यवृंद पुन्हा कशाला बोलवायचा? आवाज चांगलाच आहे, तोच वाजवा आणि त्यावर नाचा. त्या गाण्याचे शब्द होते आर्थर फ्रीड यांचे, चाल नॅसिओ हर्ब ब्राउन यांची. 22 वर्षांनी 'सिंगिंग इन द रेन' उभा राहिला तो याच जोडीच्या गाण्यांवर, आणि ध्वनीची जबाबदारीही शीअरर यांच्याचकडे होती. मूकपट बोलू लागतानाची जी धांदल पडद्यावर दिसते, ती या लोकांनी स्वतः निस्तरलेली होती.

आपल्याकडे ही वाट वेगळ्या वेगाने आली. 'अयोध्येचा राजा'मध्ये (1932) गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे स्वतः गायले. पार्श्वगायन हिंदीत 1935 पासून रुजलं. 1949मध्ये 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लता मंगेशकरांचं नाव त्यानंतर पुढे आलं. बेटी नॉइसच्या बाबतीत काय घडलं, ते मराठी वाचकाला म्हणूनच वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गाणी जुनी, गोष्ट नवी

आर्थर फ्रीड गीतकाराचे निर्माते झाले आणि एमजीएममध्ये त्यांनी स्वतःचं एक पथक जमवलं. लेखक, संगीत संयोजक, नृत्यदिग्दर्शक, वेशभूषाकार यांची तीच ती माणसं सिनेमामागून सिनेमा एकत्र काम करत. या पथकाचा आधार होते सहनिर्माते रॉजर ईडन्स. ते पियानोवादक, संयोजक, प्रसंगी गीतकारही.

फ्रीडनी बेटी कॉम्डन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन या न्यूयॉर्कच्या लेखकद्वयीला बोलावलं आणि काम सांगितलं ते उलट्या दिशेचं. गोष्टीसाठी गाणी लिहायची नव्हती. फ्रीड-ब्राउन यांच्या जुन्या गाण्यांचा गठ्ठा तयार होता, त्यात बसणारी गोष्ट शोधायची होती. शीर्षकगीत स्वतः 1929चं, 'द हॉलिवुड रेव्ह्यू'मधलं. 'गुड मॉर्निंग' 1939चं. 'वुड यू' 1936चं. लेखकांनी गाण्यांचा काळ पाहिला आणि त्यातूनच धागा काढला: ही गाणी बोलपटाच्या पहाटेची आहेत, तर गोष्टही तिथलीच ठेवू. ही निवड मला सबंध सिनेमातली सर्वांत मोलाची वाटते. ती झाल्यावर गाणी ओढूनताणून बसवावी लागली नाहीत.

तपशिलांसाठी त्यांना फार लांब जावं लागलं नाही. झुडपात लपवलेला मायक्रोफोन, नायिकेने मान फिरवताच नाहीसा होणारा आवाज, कपड्यात दडवलेल्या मायक्रोफोनमधून ऐकू येणारी हृदयाची धडधड, कॅमेऱ्याची घरघर अडवण्यासाठी छायालेखकाला कोंडणारी पेटी: स्टुडिओत अजून कामावर असलेल्या जुन्या मंडळींनी हे सगळं भोगलेलं होतं.

सिनेमासाठी नवी म्हणावीत अशी गाणी दोनच. 'मोझेस सपोझेस'चे शब्द कॉम्डन-ग्रीन यांचे, चाल ईडन्स यांची. 'मेक एम लाफ'वर फ्रीड-ब्राउन यांची नावं आहेत, पण त्याची चाल आणि बांधणी कोल पोर्टर यांच्या 'बी अ क्लाउन'शी उघड जुळते. ते गाणं 1948च्या 'द पायरेट'मध्ये होतं. त्याचे निर्मातेही फ्रीडच, आणि नायकही 'सिंगिंग इन द रेन'चाच, जीन केली. दोन्ही एकामागे एक ऐकली की संशयाला जागा उरत नाही.

एका सिनेमाचे दोन दिग्दर्शक

दिग्दर्शक म्हणून दोन नावं: जीन केली आणि स्टॅन्ली डोनन. केली तेव्हा 38 वर्षांचा, डोनन 27 वर्षांचा. केली पडद्यावर नाचत असताना कॅमेऱ्यामागे डोळा हवा, तो डोननचा. नाचाची चौकट कुठे कापायची, क्रेन कुठल्या मात्रेला उचलायची, हे नाचाइतकंच मोजून ठरायचं. नाचणारा शक्यतो डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि तुकडे कमीत कमी पाडायचे, असा दोघांचा शिरस्ता. त्याची किंमत कलाकार मोजतो: मिनिटभराच्या टेकमध्ये पन्नासाव्या सेकंदाला पाय चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

तालमीत केलीच्या दोन सहायक होत्या, कॅरल हेनी आणि जीन कॉइन. केली रचना करी, आणि ती मोडून, मात्रा मोजून इतरांच्या पायात घालण्याचं काम या दोघी करत. कॅमेऱ्यासमोर आपण बरोबर उभे आहोत का हे केलीला स्वतःला दिसत नसे, तेव्हा त्याच्या जागी त्यांनी नाचून दाखवायचं. पाट्यांवर दोघींचंही नाव नाही.

त्यांच्या कामाचा सर्वांत मोठा भार होता डेबी रेनॉल्ड्स. वय 19, जिम्नॅस्टिक्स येत होतं, टॅप येत नव्हता. केली आणि नायकाच्या मित्राचं काम करणारा डोनाल्ड ओ'कॉनर लहानपणापासून रंगमंचावर नाचलेले, आणि त्यांच्या मधोमध हिला उभं राहायचं होतं. काही महिने रोज सात-आठ तास तालीम चालली. 'गुड मॉर्निंग'मध्ये तिघं एका ओळीत स्वयंपाकघरातून जिन्यावर, जिन्यावरून दिवाणखान्यात येतात आणि शेवटी कोच उलटा पाडत त्यावरून उतरतात. चित्रीकरण सकाळी आठला सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत. रेनॉल्ड्सने पुढे सांगितलं की त्या रात्री तिच्या पायांतून रक्त येत होतं.

आज ते नृत्य पाहताना तिच्या कमरेच्या वरच्या भागाकडे लक्ष द्या. पायांची गुंतागुंत दोघांपेक्षा जराशी सोपी केलेली आहे, पण खांदे, मान आणि चेहरा कुठेही मागे पडत नाही. तालीम नेमकी कशासाठी लागली ते तिथे दिसतं.

ओ'कॉनरला युनिव्हर्सल स्टुडिओकडून उसना आणला होता. सर्कस आणि व्होडव्हिल, म्हणजे गाणी-नाच-नकलांचे मिश्र खेळ करणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. 'मेक एम लाफ'मध्ये तो धावत भिंतीवर चढून मागे कोलांटी मारतो, ही त्याची जुनी रंगमंचीय करामत. पहिल्या दोन भिंती भक्कम असतात, तिसरी मुद्दाम तकलादू केलेली, म्हणून तो तिच्यातून आरपार जातो. त्यात धोका वेगाचा: कमी धावलं तर दुसरं पाऊल भिंतीवर टिकत नाही आणि माणूस पाठीवर पडतो, जास्त धावलं तर गुडघा भिंतीवर आपटतो. ओ'कॉनर तेव्हा दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढी. नृत्य पुरं करून तो अंथरुणाला खिळला. तेवढ्यात कळलं की कॅमेऱ्यातल्या बिघाडामुळे फिल्म वाया गेली आहे, तेव्हा त्याने ते सगळं पुन्हा केलं.

पाऊस कसा पाडला

शीर्षकगीत कल्व्हर सिटीतल्या एमजीएमच्या आवारातल्या रस्त्याच्या सेटवर झालं. रात्रीचा प्रसंग, पण चित्रण दिवसा. संपूर्ण रस्त्यावर काळी ताडपत्री ताणून रात्र केली, वर भोकं पाडलेले पाण्याचे पाइप बसवले. एकदा सगळी जुळवणी झाल्यावर प्रत्यक्ष चित्रण जेमतेम दोन दिवसांत उरकलं. केलीच्या अंगात 103 अंश फॅरनहाइट ताप होता.

पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, ही गोष्ट फार पसरली आहे. ती खरी नाही. पाण्याचा थेंब पारदर्शक असतो, म्हणून समोरून उजेड टाकला तर तो आरपार जातो आणि कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. तोच उजेड मागून टाकला तर थेंबात वळून कॅमेऱ्याकडे येतो, आणि मागची पार्श्वभूमी काळोखी असेल तर प्रत्येक थेंब चकाकतो. रात्री मोटारीच्या दिव्यांसमोर पाऊस कसा उठून दिसतो ते आठवा. छायालेखक हॅरल्ड रॉसन यांनी तेच तत्त्व वापरलं. अडचण एवढीच की मागून दिवे लावले की नाचणाऱ्याचा चेहरा काळा पडतो, म्हणून पुढून वेगळा, बेताचा उजेड द्यावा लागतो. तो वाढला की पाऊस पुसट होतो. शिवाय रस्त्याच्या बाजूला दुकानांच्या काचा, त्यांत दिवे आणि कॅमेरा उमटता कामा नयेत.

डबकी आपोआप साचलेली नाहीत. नाच आधी बसला, मग ज्या मात्रेला ज्या ठिकाणी पाय पडणार तिथे फरसबंदीत खोदून खळगे केले. फार उथळ असेल तर पाणी उडत नाही, फार खोल असेल तर पाऊल अडकतं आणि पुढची मात्रा हुकते.

पाण्याचा दाब संध्याकाळी पाचच्या सुमारास पडायचा, कारण गावातले लोक कामावरून घरी येऊन हिरवळीला पाणी घालू लागत. मग पाऊस रिमझिम होई आणि चित्रण थांबवावं लागे. केलीचा लोकरी सूट भिजून आटत होता, तो वेगळाच ताप.

ध्वनीच्या बाजूने या गाण्यात एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. चालता चालता माणूस गायला कसा लागतो, हा प्रत्येक संगीतपटापुढचा अवघड प्रश्न असतो. ईडन्स यांनी शब्दांआधी 'डू-डी-डू-डू' अशी गुणगुण जोडली. मूळ गाण्यात ती नव्हती. माणूस निरोप घेऊन निघतो, छत्री मिटतो, गुणगुणतो आणि कळायच्या आत गात असतो. पुढे तो पन्हळीखाली उभा राहून सरळ डोक्यावर पाणी घेतो, तोवर आपण काहीही मानायला तयार झालेलो असतो. पावलांचा छपछपाट अर्थातच नंतर वेगळा मुद्रित केलेला आहे. खऱ्या सेटवर पाइपांच्या घोषात तो ऐकूच आला नसता.

रंग, पडदा आणि कापड

सिनेमा तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये आहे. कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असे. तो उजेड फोडून तीन कृष्णधवल फिल्मवर टाकी, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची नोंद वेगवेगळी होई. प्रत काढताना त्या तीन नोंदींवरून निळसर, किरमिजी आणि पिवळा असे रंग एकावर एक छापत. उजेड तीन ठिकाणी वाटला गेल्यामुळे सेटवर दिवे भरमसाट लागत, उष्णता असह्य होई आणि चेहऱ्याचा रंग घामाने उतरे. रॉसन यांनी 1939मध्ये 'द विझर्ड ऑफ ऑझ' याच पद्धतीने चित्रित केला होता, त्यामुळे हात बसलेला होता.

वेशभूषा वॉल्टर प्लंकेट यांची, 'गॉन विथ द विंड'चे कपडे करणारे तेच. 1920च्या दशकाच्या अखेरीस ते स्वतः याच धंद्यात होते, त्यामुळे मोती, पिसं आणि जरीचा तो अतिरेक आठवणीतून आलेला आहे. काटकसरही भरपूर झाली. कथेतल्या मूकपटाची काही दृश्यं म्हणजे केलीच्याच 1948च्या 'द थ्री मस्केटिअर्स'मधले तुकडे, आवाज काढून कृष्णधवल केलेले.

पैसा ओतला तो 'ब्रॉडवे मेलडी' या लांबलचक नृत्यावर. एकूण खर्च सुमारे 25 लाख डॉलर, त्यातले जवळपास 6 लाख या एका भागावर. ओ'कॉनरच्या दूरदर्शनच्या तारखा आडव्या आल्यामुळे तो यात नाही. केलीला जोडीला कॅरल हेनी हवी होती, फ्रीडनी नकार दिला आणि सिड चॅरिस आली. चॅरिस बॅलेत घडलेली. तिला जॅझची जमिनीलगतची, कमरेतून येणारी चाल हेनीने शिकवली. जी भूमिका स्वतःला मिळाली नाही, ती दुसरीच्या अंगात उतरवायचं काम हेनीने केलं. चॅरिसच्या लांबच लांब पांढऱ्या रेशमी पदराचं नृत्य याच भागात आहे. तो पदर वाऱ्याच्या यंत्रांवर तरंगतो. वारा कमी पडला की कापड पायात येतं, जास्त झाला की नर्तकीच्या पायाखालची जमीन सुटते, म्हणून पंख्यांची जागा आणि वेग नाचाबरोबरच बसवावा लागतो.

पाट्या कशा वाचायच्या

कला दिग्दर्शनात पहिलं नाव सेड्रिक गिबन्स यांचं. ते विभागप्रमुख होते आणि करारानुसार एमजीएमच्या बहुतेक सिनेमांवर त्यांचं नाव जाई. या सिनेमापुरतं प्रत्यक्ष आखणीचं काम रँडल ड्यूएल यांचं, जे दुसऱ्या क्रमांकावर आहेत. संगीत दिग्दर्शन लेनी हेटन यांचं. चाली त्यांच्या नाहीत, पण सगळं एका वाद्यवृंदात, एका मिजाजात आणणं त्यांचं. वाद्यमेळ लिहिणाऱ्यांत कॉनरॅड सॅलिंजर होते. संकलन एड्रिअन फेझन यांचं, ज्यांना पुढे 'जीजी'साठी (1958) ऑस्कर मिळालं.

या सिनेमाला मात्र ऑस्कर एकही मिळालं नाही. नामांकनं दोन: हेटन यांना संगीतासाठी आणि जीन हेगनला साहाय्यक अभिनेत्री म्हणून. हेगनचं नामांकन अगदी रास्त होतं. नासका आवाज काढणं सोपं आहे. तो आवाज धरून विनोदाची वेळ साधणं, आणि लीना खलनायिका असूनही तिला मठ्ठ न होऊ देणं, हे फार थोड्यांना जमतं.

शेवटचा प्रसंग रंगमंचाचा. लीना मायक्रोफोनपुढे ओठ हलवते, कॅथी पडद्यामागे गाते. मग तिघं जण दोर ओढतात, पडदा वर जातो आणि प्रेक्षकांना कळतं की आवाज कुणाचा आहे. कॅथी लाजून पळत सुटते, नायक तिला थांबवतो, आज तुम्ही जो आवाज ऐकलात तो हिचा, असं सभागृहाला ओरडून सांगतो आणि 'यू आर माय लकी स्टार' सुरू करतो. ती मागे वळते आणि त्याच्या सुरात सूर मिसळते. त्या गाण्यात कॅथीचा आवाज बेटी नॉइसचा आहे.